ट्रॅक्टरच्या मागे काय जोडावे? : जोयड्याच्या खाचरांतील अवजारांची कथा

कॅनडात स्थायिक झालेल्या आमच्या पुतण्याने गेल्या हिवाळ्यात दूरध्वनीवरून एक प्रश्न विचारला. त्याने शहराबाहेर घर घेतले आहे. रस्त्यापासून दारापर्यंत लांब वाट आहे आणि ती बर्फाने भरली की घराबाहेर पडणे अशक्य होते. म्हणून त्याने पंचवीस अश्वशक्तीचा लहान ट्रॅक्टर घेतला. आता त्याला बर्फ ढकलणारे पाते लावावे की बर्फ ओढून दूर फेकणारे यंत्र लावावे, हे त्याचे ठरत नव्हते. "काका, तुमची सारी नोकरी शेतकऱ्यांची प्रकरणे हाताळण्यात गेली, तुम्हीच सांगा," असे तो म्हणाला. आम्हांस प्रथम हसू आले. ज्या जोयडा तालुक्याशी आमचा निम्म्या आयुष्याचा संबंध, तेथे बर्फ म्हणजे वळवाच्या पावसात कधीमधी पडणाऱ्या गारा. त्यात आमचे मत काय असणार? तथापि तो दोन्ही अवजारांचे गुणदोष सांगू लागला तेव्हा ध्यानात आले की, ट्रॅक्टर घेणे सोपे असते, त्याच्या मागेपुढे काय जोडावे हा खरा प्रश्न असतो. आणि हा प्रश्न जोयड्याच्या खाचरांत गेली पन्नास वर्षे विचारला जात आहे. काही वेळा तो विचारलाच गेला नाही, त्याची किंमतही आमच्या डोळ्यांदेखत मोजली गेली.

पुतण्याचे म्हणणे थोडक्यात असे. पाते स्वस्त, मोडण्यासारखे त्यात काही नाही, काम झपाट्याने होते. पण ढकललेला बर्फ कोठेतरी साठवावा लागतो. हिवाळा लांबला की वाटेच्या दोन्ही कडांना बर्फाच्या भिंती उभ्या राहतात आणि पुढचा बर्फ ढकलण्यास जागाच उरत नाही. फेकणाऱ्या यंत्राला ही अडचण नाही, ते बर्फ कुंपणापलीकडे उडवते. पण ते महाग, इंजिनाची बरीच शक्ती खाणारे, आणि ओला जड बर्फ आला की त्याचे तोंड बुजते. शिवाय ते मागे लावले तर मान वळवून सारा वेळ ट्रॅक्टर उलटा चालवावा लागतो. म्हणजे निवड दोन गोष्टींवर ठरते : पडणारा पदार्थ कोणत्या जातीचा आहे आणि तो टाकावयास जागा किती आहे. यंत्राची अश्वशक्ती त्यानंतर. बर्फ फेकणाऱ्या या यंत्राचा जन्मही शेतातच झाला, हे वाचकांस गमतीचे वाटेल. क्वेबेक प्रांतातील आर्थर सिकार याने ते १९२५ साली सिद्ध केले आणि १९२७ साली मॉन्ट्रियलजवळच्या ऊत्रमों नगराला पहिले यंत्र विकले. शेतातील मळणीयंत्र धान्याचा पेंढा कसा ओढून फेकते, हे पाहून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात.

आता आपल्या मुलुखाकडे वळू. जुन्या माणसांच्या तोंडी अजून 'कारवार जिल्हा' असणाऱ्या उत्तर कन्नड जिल्ह्यातला जोयडा हा घाटमाथ्यावरचा तालुका. त्याचे जुने नाव सुपा. खानापूर, हल्याळ आणि गोवा यांच्या मधोमध पसरलेला हा सारा प्रदेश डोंगर, अरण्य आणि काळी नदीच्या उपनद्यांनी चिरलेला आहे. पश्चिमेकडे कॅसलरॉकच्या बाजूस वर्षाचा पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या पुढे जातो. पूर्वेकडे सरकावे तसा तो झपाट्याने उतरतो. शेत म्हणजे दोन टेकड्यांच्या कुशीतील चिंचोळी दरी, तिच्यात पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी भाताची खाचरे, वरच्या अंगाला ओढा किंवा झरा आणि तिन्ही बाजूंस रान. एकेक खाचर काही गुंठ्यांचे, आकार कधी चंद्रकोरीसारखा तर कधी नुसताच वेडावाकडा. शेतापर्यंत रस्ता नसतो. बांधावरून किंवा ओढ्यातून वाट असते. अवजाराचा विचार करणाऱ्याने प्रथम हे चित्र डोळ्यांपुढे आणले पाहिजे. येथे सपाट काळ्या रानाचा हिशेब चालत नाही.

या खाचरांना शोभेल असे पहिले अवजार अर्थातच लाकडी नांगर. आपल्यापैकी अनेकांच्या जुन्या घरांत तो माळ्यावर पडून असेल. हाळीस, रुमणे, फाळ, जू ही नावे नव्या पिढीस सांगावी लागतात. या नांगराला मागासलेला म्हणण्याची रीत आमच्या नोकरीच्या आरंभी होती आणि आम्हीही ती पाळली. पण तो खरोखर किती विचाराने बनलेला असे! बैल मलनाड गिड्डा जातीचे, म्हणजे मलनाडातील ठेंगण्या, काटक, पावसात आणि चिखलात टिकणाऱ्या गुरांपैकी. त्यांची उंची कमी, वजन कमी, वळण्यास जागा थोडी लागे. सुतार त्या जोडीच्या खांद्याची उंची पाहून हाळिशीचा कोन ठरवी. कोन बदलला की फाळ खोल जाई किंवा वर येई. बैलाची शक्ती, अवजाराचे वजन आणि जमिनीची खोली या तिन्हींचे लग्न गावातच लागत असे. बैलजोडीची टिकाऊ शक्ती आजच्या मापाने एका अश्वशक्तीच्या आसपास भरते. त्या एका अश्वशक्तीला साजेल एवढेच खोल नांगरले जाई, म्हणजे चारपाच इंच.

आणि या चारपाच इंचांतच भातशेतीचे मर्म आहे. चिखलणी पुन्हापुन्हा केल्याने चिखलाच्या खाली, साधारण सहा ते दहा इंचांच्या दरम्यान, एक घट्ट थर बसतो. तो पिढ्यांच्या चिखलणीने तयार झालेला असतो आणि खाचराचे पाणी तोच धरून ठेवतो. आमच्याकडच्या जांभ्या दगडाच्या जमिनीत पाणी झिरपून जाण्यास वेळ लागत नाही; पाऊस कितीही पडो, आठ दिवस उघडीप झाली की वरची खाचरे कोरडी पडू लागतात. हा थर शाबूत असेल तर भात तग धरते. लाकडी नांगर त्या थरापर्यंत पोहोचतच नसे. त्याची ही उणीव हाच त्याचा गुण होता.

सुधारित नांगराचा इतिहास आपल्या सीमाभागातूनच सुरू होतो, ही अभिमानाची गोष्ट. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले, पुढे कडबा कापण्याचे यंत्र केले, आणि १९०३ साली लोखंडी नांगर बनविला. लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत असल्याने आरंभी तो कोणी घेईना. नांगर दुकानात पडून राहिले. पुढे १९१० साली औंध संस्थानच्या आश्रयाने कुंडल रोड स्थानकाजवळ किर्लोस्करवाडी वसली आणि तेथून हा नांगर दख्खनभर गेला. शेतकऱ्यांच्या या अविश्वासाची थट्टा आजवर पुष्कळ झाली आहे. लोखंडाने विष होते हे खरे नव्हतेच. परंतु काळ्या रानात हरळी-कुंदा मुळासकट उपटण्यासाठी जो खोल, माती उलथणारा नांगर वरदान ठरला, तो आमच्या खाचरांत त्याच प्रमाणात कधीच रुजला नाही, आणि याचे कारण अज्ञान नव्हते. ठेंगण्या बैलांना तो ओढवत नसे आणि माती उलथून खालचा थर वर आणण्याची भातशेताला गरज नसे. शेतकरी कारण नेमके सांगत नसेल, नकार मात्र योग्य ठिकाणी देत असे.

मधल्या काळाचा इतिहास येथे विस्ताराने सांगण्याचे प्रयोजन नाही, पण शेताचा आकार आणि माणसाचे मनुष्यबळ त्यानेच ठरविले, म्हणून दोन शब्द. १८६२ साली हा जिल्हा मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला. त्याच सुमारास कुमरी, म्हणजे रान तोडून-जाळून फिरती शेती करण्याच्या पद्धतीवर निर्बंध आले आणि डोंगरावरचे कुणबी हळूहळू दरीतल्या खाचरांशी बांधले गेले. १९५६ साली जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, दांडेली अभयारण्यही त्याच वर्षीचे. १ मार्च १९७४ पासून कर्नाटकाच्या जमीन सुधारणा कायद्याने कुळांच्या जमिनी सरकारात जमा होऊन पुढे कसणाऱ्यांच्या नावे झाल्या. न्याय झाला, यात शंका नाही. पण ज्याच्या नावावर दीड एकर आला त्याच्या तीन मुलांत तो वाटला गेला, आणि सातबाऱ्याच्या कर्नाटकी भावाने, म्हणजे आमच्या पहाणीपत्रकाने, वीसवीस गुंठ्यांच्या ओळी भरल्या. १९८७ साली काळीवरचे १०१ मीटर उंचीचे सुपा धरण पूर्ण झाले. सुपा गाव आणि त्यासोबत दरीतली चांगली भातजमीन पाण्याखाली गेली, कित्येक कुटुंबे रामनगरला वसविली गेली, तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले. त्याच वर्षी अणशी राष्ट्रीय उद्यान झाले. २००७ साली दोन्ही अरण्ये मिळून व्याघ्र प्रकल्प बनला आणि २०१५ साली त्याला काळी नदीचे नाव मिळाले. तरुण मुले गोव्यात, दांडेलीत, हुबळी-बेळगावात कामास गेली. घरी राहिले ते म्हातारे आईबाप, वीस गुंठ्यांची पाच खाचरे आणि विकलेले बैल. यंत्राची गरज येथून सुरू होते. हौसेतून ती आलेली नाही.

पहिले यंत्र आले ते दोन चाकांचे, ज्याला सर्वजण पॉवर टिलर म्हणतात. जपानसारख्या भाताच्या देशात, लहान खाचरांसाठी जन्मलेले हे यंत्र. बंगळूरला मित्सुबिशीच्या सहकार्याने व्ही.एस.टी. कंपनी १९६७ साली स्थापन झाली, आणि मलनाडात टिलर दिसू लागला तो त्यानंतरच. टिलरच्या पाठीमागचा फिरता पात्यांचा कणा, म्हणजे रोटरी, त्याच्या अंगचाच असतो. निवडीचा प्रश्न फारसा पडत नाही. म्हणूनच कदाचित तो येथे यशस्वी झाला. त्याचा दोष एकच, पण मोठा : चालविणाऱ्याला चिखलातून दिवसभर त्याच्या मागे चालावे लागते आणि बांधाशी तो जड धूड हाताने वळवावा लागतो. पंचवीस वर्षांच्या मुलाला ते जमते. गावात राहिलेल्या पासष्टीच्या बापाला जमत नाही. तेव्हा बसून चालविण्याच्या यंत्राची ओढ लागली आणि चार चाकांचा ट्रॅक्टर दरीत उतरला.

येथे एक कबुली देणे प्राप्त आहे. सुमारे तीस वर्षांपूर्वी काळीच्या खोऱ्यातील एका गावात चार भावांनी मिळून अनुदानाच्या योजनेतून पस्तीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आणि त्यासोबत नऊ फाळांचा कल्टिव्हेटर व दोन फाळांचा लोखंडी नांगर घेतला. संच ठरलेला होता, सपाट मुलुखातील शेतीसाठी बांधलेला. तोच आमच्या टेबलावर आला आणि कागद पुरे आहेत एवढे पाहून आम्ही शिफारशीची सही केली. शेत पाहावयास आम्ही गेलो नव्हतो. पहिल्या वर्षी काम झपाट्याने झाले, भावांनी आम्हांस जेवावयास बोलाविले. दुसऱ्या वर्षी नांगर खोल लावला गेला. तिसऱ्या पावसाळ्यात वरच्या तीन खाचरांत पाणी ठरेना. ट्रॅक्टरची चाके चिखलात रुतून जेथे जेथे घसरली होती तेथे खालचा थर फुटला होता. उरलेला नांगराने फोडला. त्या खाचरांत पुढे काही वर्षे लावणीचे भात झाले नाही. भावांनी तेथे नाचणी पेरली आणि नंतर तेही सोडले. "साहेब, यंत्र चांगलं होतं, आमचंच चुकलं असेल," असे थोरला भाऊ पुढे एकदा आम्हांस म्हणाला. त्याचे चुकले नव्हते. चूक आमच्या सहीची होती. फुटलेला थर पुन्हा बसावयास चिखलणीची किती वर्षे लागतात, हे त्या शेतात आम्ही पुढे पाहत राहिलो.

ही चूक केवळ आमची नव्हे, ट्रॅक्टरच्या इतिहासातच ती वारंवार झालेली आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास केंद्र सरकारने सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन उभी केली. तिचे अवाढव्य ट्रॅक्टर मध्य भारतातील कांसाचे रान उखडण्यासाठी होते, आणि त्या कामास ते योग्यच होते. १९५९ साली फरीदाबादला आयशरचा, १९६३ पासून महिंद्राच्या सहभागाने इंटरनॅशनलचा, १९७१ साली पिंजोरला एच.एम.टी.चा आणि १९७४ साली मोहालीला स्वराजचा ट्रॅक्टर निघू लागला. हे सारे गव्हाच्या, कापसाच्या, उसाच्या रानांचे यंत्र. खरा लहान ट्रॅक्टर, पंधरा ते पंचवीस अश्वशक्तीचा, चारही चाकांना जोर देणारा किंवा निदान रुंदीने चार फुटांच्या आत बसणारा, आपल्या बाजारात सहज मिळू लागला तो या शतकात. कुबोटा कंपनी भारतात २००८ साली आली; महिंद्रासारख्यांचे पंधरा अश्वशक्तीचे ट्रॅक्टर त्यानंतरच्या काळातले. जोयड्यासारख्या तालुक्याला अवजार निवडण्याची खरी संधी मिळाली ती तेव्हापासून.

निवड शक्य झाली ती मुळात एका आयरिश मेकॅनिकमुळे. हॅरी फर्ग्युसन याचा काळ येण्यापूर्वी नांगर ट्रॅक्टरच्या मागे साखळीने ओढला जाई. नांगर दगडात अडकला की ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली जाऊन तो मागे उलटे आणि चालकाच्या अंगावर पडे. फर्ग्युसनने अवजार तीन सांध्यांनी ट्रॅक्टरला जोडले, खाली दोन आणि वर एक, आणि हायड्रॉलिकने ते उचलता येईल असे केले. हेन्री फोर्डशी करार होऊन १९३९ साली ही रचना असलेला ट्रॅक्टर बाजारात आला. आज जगातल्या बहुतेक सर्व ट्रॅक्टरांना हेच तीन सांधे आहेत. कॅनडातले बर्फाचे मागील पाते आणि रामनगरच्या ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर एकाच पद्धतीने जोडले जातात, ते यामुळे. जू गावच्या सुताराने बैलाच्या मापाने बनविले तसे हे नव्हे. हे जगाचे एकच जू आहे. म्हणूनच येथे फसगत होते. सांधे जुळले म्हणजे अवजार जुळले, असे शेतकऱ्याला वाटते.

वस्तुतः सांधेही नेहमी जुळत नाहीत. त्यांचे वर्ग आहेत. सामान्य ट्रॅक्टरचा वर्ग पहिला. त्याच्या खालच्या सांध्याची खीळ २२ मिलिमीटरची. अगदी लहान ट्रॅक्टरांना काही ठिकाणी त्याहून बारीक खिळीचा आणि कमी रुंदीचा वर्ग असतो. शेजाऱ्याचे अवजार उसने आणण्याआधी खीळ मोजून पाहावी. हे सांगणे क्षुल्लक वाटेल, पण लावणीच्या दिवशी दुपारी बारा वाजता खीळ बसत नाही म्हणून लोहार शोधत फिरणारे लोक आम्ही पाहिले आहेत. दुसरे, हायड्रॉलिकची उचलण्याची क्षमता विक्रेता नेहमी सांगतो. अवजार उचलल्यावर पुढच्या चाकांवर किती वजन उरते ते सांगत नाही. एकूण वजनाचा पाचवा हिस्सा तरी पुढे राहिला पाहिजे, नाहीतर सुकाणू फिरविले तरी ट्रॅक्टर सरळच जातो. बांधाचा चढ चढताना याचा अर्थ काय होतो, हे सांगावयास नको.

खाचरासाठी मुख्य अवजार रोटाव्हेटर, याविषयी आता फारसा वाद नाही. त्याचा जन्म ऑस्ट्रेलियातला. आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड या तरुणाने १९१२ च्या सुमारास न्यू साउथ वेल्समधील बापाच्या शेतावर फिरत्या पात्यांचे प्रयोग केले, १९२० साली पेटंट घेतले आणि १९२२ पासून धंदा सुरू केला. नांगर जमीन ओढतो, रोटाव्हेटर तिला कालवतो. म्हणून हलक्या ट्रॅक्टरलाही तो पेलतो, शिवाय पाती पुढे ढकलत असल्याने चाके कमी घसरतात. भाताच्या चिखलणीला याहून सोयीचे काही नाही, मात्र खोली मर्यादित ठेवली पाहिजे. दोन्ही बाजूंच्या घसरपट्ट्या चार ते पाच इंचांवर लावाव्यात आणि नंतर मुलाच्या उत्साहाला बळी पडून खाली करू नयेत. रुंदी अशी घ्यावी की मागच्या चाकांचा माग झाकला जाईल. वीस अश्वशक्तीच्या आसपासच्या ट्रॅक्टरला सव्वा मीटरच्या आतला रोटाव्हेटर पुरे. पाच फुटी घेण्याचा मोह पुष्कळांना होतो, कारण तो किमतीने फार महाग नसतो. पण मग पहिल्या गिअरमध्येही इंजिन दबते आणि अरुंद खाचरात वळता येत नाही. इंग्रजी 'एल' आकाराची पाती कोरड्या, पालापाचोळ्याच्या रानासाठी. ओल्या जड चिखलासाठी 'सी' आकाराची. हे विचारून घ्यावे लागते, विक्रेता आपणहून बहुधा 'एल'च देतो.

याच्या जोडीला लोखंडी जाळीची चाके, ज्यांना केज व्हील म्हणतात. ती नसतील तर रोटाव्हेटर कितीही चांगला असो, ट्रॅक्टर रुतणार आणि थर फुटणार. रबरी चाकांच्या बाजूला लावायची अर्धी चाके लहान ट्रॅक्टरला पुरतात. डांबरी रस्त्यावर ती नेऊ नयेत हे सर्वांना माहीत असते आणि बहुतेकजण नेतात. चिखलात काम झाल्यावर चाकांच्या मुळाशी पाणी शिरले नाही ना, तेल दुधाळ झाले नाही ना, हे पाहावे. आमच्या तालुक्यात ट्रॅक्टर बिघडण्याचे हे एक मोठे कारण आहे आणि दुरुस्तीला रामनगर, दांडेली किंवा हल्याळ गाठावे लागते.

आता पुन्हा पात्याकडे. पुतण्याने बर्फासाठी ज्या मागील पात्याचा विचार केला, तेच तिरके करता येणारे, पाहिजे तर पूर्ण फिरविता येणारे पाते आपल्याकडे जमीन सपाट करण्याचे अवजार म्हणून विकले जाते. जोयड्यात त्याचे काम दुहेरी आहे. पावसाळ्यात ओढ्याने वरच्या खाचरात आणून टाकलेला गाळ आणि वाळू, दरडीतून वाटेवर आलेली माती, बांध फुटल्यावर पसरलेला राडा, हा आमचा बर्फच आहे, फरक इतकाच की तो वितळत नाही. जुलै २०२१ मध्ये शेजारच्या यल्लापूर तालुक्यात कळचे येथे दरडी कोसळून घरे, बागा आणि वाटा गेल्या. १६ जुलै २०२४ रोजी अंकोला तालुक्यातील शिरूरची दरड तर देशभर गाजली. अशा प्रचंड दरडींपुढे लहान ट्रॅक्टरचे काही चालत नाही, ते जेसीबीचे आणि सरकारचे काम. पण प्रत्येक पावसाळ्याच्या शेवटी शेतवाटेवर बसणारा हातभर गाळ काढण्यास चार मजूर आठ दिवस लागत, तेथे पाच फुटी पाते दोन दिवसांत वाट मोकळी करते. आणि पुतण्याला पडलेला प्रश्न येथेही पडतो : काढलेली माती टाकायची कोठे? खालच्या बाजूला ढकलली तर ती शेजाऱ्याच्या खाचरात जाते आणि पुढच्या पावसात भांडण. वरच्या बाजूला रान आहे, म्हणजे वनखात्याची हद्द. आम्ही जेथे पाते सुचविले तेथे आधी माती टाकावयाची जागा ठरवा, असे सांगितले. दोन ठिकाणी ती ठरली नाही म्हणून पाते घेतले गेले नाही, आणि तेच बरे झाले.

सगळ्या शेताला ट्रॅक्टर हवाच असे मानण्याचेही कारण नाही. जोयड्याचे कुणबी परसात आणि डोंगराच्या उताराला जी कंदमुळे पिकवितात, आणि ज्यांचा मेळा अलीकडे जोयड्यात भरतो, त्या शेतीचे खरे अवजार कुदळ आणि माणसाचा अंदाज. एकेका कंदाचा खड्डा वेगळा, त्यात घालावयाचा पाला वेगळा. खड्डे काढण्याचे गिरमिटासारखे यंत्र ट्रॅक्टरला जोडता येते, पण उतारावर ट्रॅक्टर उभा करणेच धोक्याचे. सुपारीच्या बागेत मात्र लहान ट्रॅक्टर आणि छोटी ट्रॉली यांनी डोक्यावरचे ओझे खरोखर उतरविले आहे. ट्रॉली हे सर्वांत साधे जोडअवजार, आणि वर्षभरात सर्वांत जास्त दिवस तेच वापरले जाते. विकत घेताना मात्र तिचा ब्रेक कोणी पाहत नाही.

एकट्याने सारे घेणे वीस गुंठेवाल्यास परवडत नाही, हे उघड आहे. २०१४-१५ पासून कर्नाटकात कृषी यंत्रधारे योजनेखाली भाड्याने अवजारे देणारी केंद्रे निघाली आणि त्यांचा उपयोग निश्चित झाला. अडचण अशी की, लावणीचे दिवस सर्वांचे एकच असतात. मृग-आर्द्रेत ज्याला ट्रॅक्टर मिळतो त्याचे भात साधते. पुनर्वसूत मिळालेल्याचा तरवा वाढून पिवळा पडलेला असतो. आणि दरीच्या टोकाच्या तीन एकरांसाठी वीस किलोमीटरवरून ट्रॅक्टर आणणे भाडे देणाऱ्यालाही पटत नाही. म्हणून चारपाच घरांनी मिळून ट्रॅक्टर घ्यावा आणि अवजारे शेत पाहून, बांधाची वाट फुटपट्टीने मोजून घ्यावीत, एवढाच मार्ग आम्हांस दिसतो. वनगाई आणि रानडुकरे शिल्लक पीक खातात हे दुःख निराळे. त्यावर ट्रॅक्टरला जोडण्यासारखे अजून काही निघालेले नाही.

वर उल्लेखिलेल्या चार भावांपैकी धाकट्याच्या मुलाने तीन वर्षांपूर्वी शेजारच्या तीन घरांसह चोवीस अश्वशक्तीचा, चारही चाकांना जोर असलेला ट्रॅक्टर घेतला. या वेळी आम्हांस, निवृत्त माणसाला, मुद्दाम शेतावर नेण्यात आले. आम्ही लोखंडी सळई घेऊन प्रत्येक खाचरात टोचून पाहिले. खालच्या दोन खाचरांत सहा-सात इंचांवर सळई अडली. वरच्या तिनांपैकी एकात ती आठ इंचांवर अडली, इतर दोघांत सरळ खाली गेली. रोटाव्हेटर एक मीटर दहा सेंटिमीटरचा घेतला, 'सी' पात्यांचा, आणि अर्धी केज व्हील. नांगर घेतला नाही. वरच्या त्या दोन खाचरांत गेली तीन वर्षे नुसती हलकी चिखलणी चालू आहे. गेल्या पावसाळ्यात एकात श्रावणापर्यंत पाणी ठरले. पुतण्याने तिकडे पाते घेतले, कारण त्याच्या वाटेच्या एका अंगाला मोकळे माळरान आहे. इकडे पाते घ्यावे की नाही याची बोलणी अजून चालू आहेत. ओढ्याचा गाळ टाकण्यासाठी शेजारी आपल्या पडीक कोपऱ्याची जागा देईल की नाही, हे दिवाळीनंतर कळेल.